कोड सगळ्यांना दिला, पण कोणत्या अटीवर?

काही वर्षांपूर्वी मी एक छोटीशी लायब्ररी, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये जोडता येईल असा तयार कोड, लिहून गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर टाकली होती. सीएसव्ही फाइलींमधल्या (साध्या मजकुरातल्या तक्त्यांमधल्या) अस्ताव्यस्त तारखा ओळखायच्या आणि एका साच्यात आणायच्या, एवढंच तिचं काम. 'ओपन सोर्स केलीये' असं मी चारचौघांत सांगतही असे. दोनेक वर्षांनी एका अनोळखी माणसाची मेल आली. लायब्ररी उपयोगी आहे, आमच्या कंपनीत वापरायची आहे, पण लायसन्स कुठे दिसत नाही आणि आमचे वकील हात लावू देत नाहीत, असा मजकूर होता. मी मनात म्हटलं, अहो, उघड्यावर तर ठेवलीये, घ्या की!

वकिलांचं बरोबर होतं. चूक माझी होती.

कोणतीही मूळ कृती लिहून झाली की त्याच क्षणी तिच्यावर लिहिणाऱ्याचा कॉपीराइट लागू होतो. नोंदणी करावी लागत नाही, गोलातला 'सी' काढावा लागत नाही, 'सर्व हक्क राखीव' असं छापावंही लागत नाही. १८८६ चा बर्न करार आणि त्याच्या पुढच्या दुरुस्त्या यांतून आलेली ही रीत आज जगातल्या जवळजवळ सगळ्या देशांत चालते, आणि कायद्याच्या लेखी प्रोग्रॅम हे लिखाणच आहे. त्यामुळे लायसन्स नसलेला कोड 'सगळ्यांचा' ठरत नाही, तो फक्त लिहिणाऱ्याचाच राहतो. गिटहबच्या नियमांनुसार तुमची सार्वजनिक रिपॉझिटरी, म्हणजे कोडचं दप्तर, इतरांना पाहता येते आणि त्या साइटवर तिचा फोर्क, म्हणजे स्वतःची वेगळी प्रत, काढता येतो. त्यापलीकडे काहीच नाही. खिडकी उघडी आहे म्हणून आत शिरून कपाट उघडायची मुभा मिळत नाही, तसंच हे.

लायसन्स ही ती मुभा आहे. हक्क माझेच आहेत, पण या या अटी पाळून तुम्ही हे हे करू शकता, असं मालकाने लिहून दिलेलं असतं. लायसन्स दिलं म्हणजे कॉपीराइट सोडला, अशी अनेकांची समजूत असते. प्रत्यक्षात उलट आहे. कॉपीराइट तुमच्याकडे असतो म्हणूनच तुम्हाला अटी घालता येतात.

बरं, या अटींना कोर्टात काही किंमत आहे का, की नुसता चांगुलपणाचा मामला? अमेरिकेत हा प्रश्न चक्क खेळण्यातल्या रेल्वेमुळे सुटला. मॉडेल ट्रेन चालवायच्या जेएमआरआय या ओपन सोर्स सॉफ्टवेअरमधल्या फाइली एका कंपनीने आपल्या उत्पादनात घेतल्या, आणि श्रेय देण्याची, बदल नमूद करण्याची अट पाळली नाही. 'जेकबसेन विरुद्ध कॅट्झर' या खटल्यात २००८ साली अपील कोर्टाने सांगितलं, की लायसन्समधल्या अशा अटी मोडणं हा निव्वळ कराराचा भंग नाही, तो कॉपीराइटचा भंग असू शकतो. पैसे घेतले नाहीत म्हणून अट पोकळ होत नाही. त्याआधी २००४ मध्ये म्युनिकच्या कोर्टाने जीपीएल या ओपन सोर्स लायसन्सच्या (त्याबद्दल पुढे सविस्तर) बाजूने मनाई हुकूम दिलाच होता.

ओपन सोर्स कशाला म्हणायचं

शब्द सैल वापरला जातो म्हणून थोडं स्पष्ट करतो. 'ओपन सोर्स इनिशिएटिव्ह' ही संस्था १९९८ मध्ये सुरू झाली. तिची दहा कलमांची व्याख्या आहे, आणि त्या कसोटीला उतरणाऱ्या लायसन्सनाच ती मान्यता देते. दहांतली दोन कलमं नवख्यांना खटकतात: कोणत्याही व्यक्तीला किंवा गटाला वगळायचं नाही, आणि कोणत्याही क्षेत्रातल्या वापराला मज्जाव करायचा नाही. म्हणजे 'शिकण्यासाठी वापरा, धंद्यासाठी नको' असं लिहिलं, की ते ओपन सोर्स राहत नाही. ते वाईट असतं असं नाही. फक्त त्याला दुसरं नाव द्यायला हवं.

याचं मासलेवाईक उदाहरण म्हणजे जेसन लायसन्स. जेसन हा माहितीची देवाणघेवाण करायचा साचा. त्याचे कर्ते डग्लस क्रॉकफर्ड यांनी जवळपास एमआयटी हे फारशा अटी नसलेलं लायसन्सच घेतलं आणि त्यात एक ओळ घातली: हे सॉफ्टवेअर चांगल्यासाठी वापरावं, वाईटासाठी नाही. ऐकायला किती छान! पण चांगलं कोणतं आणि वाईट कोणतं, हे ठरवणार कोण? वकिलांना या ओळीने घाम फोडला. २०१६ मध्ये अपाची फाउंडेशन या ओपन सोर्स प्रोजेक्ट सांभाळणाऱ्या संस्थेने हे लायसन्स आपल्या प्रोजेक्टांसाठी निषिद्ध यादीत टाकलं. मनातली सदिच्छा लायसन्समध्ये लिहायचा मोह आवरा, एवढंच यातून घ्यायचं. तिची जागा रीडमी, म्हणजे प्रोजेक्टची ओळख करून देणाऱ्या फाइलमध्ये आहे.

कोणी काय केलं तर झोप उडेल?

इंटरनेटवर लायसन्सांचे तक्ते ढिगाने आहेत. आडव्या रांगेत नावं, उभ्या रांगेत अटी, आणि मध्ये बरोबर-चुकीच्या खुणा. मी असे तक्ते पुष्कळ पाहिले. त्यांतून लायसन्सची माहिती मिळते, पण निवड होत नाही. कारण निवड करताना तुम्हाला लायसन्सपेक्षा स्वतःला जास्त ओळखावं लागतं.

म्हणून मी आता विचारणाऱ्याला एवढंच म्हणतो: पाच वर्षं पुढे जा. तुमचं सॉफ्टवेअर खूप चाललंय. एका सकाळी बातमी कळते, की अमुक कंपनीने ते घेऊन तमुक केलं. काय केलं असेल तर तुमची झोप उडेल?

काही जणांचं उत्तर असतं, 'काहीही केलं तरी नाही. वापरलं ना, आनंद आहे. फक्त माझं नाव पुसू नका.' अशांसाठी एमआयटी आणि बीएसडी ही लायसन्सं आहेत.

एमआयटी लायसन्स एकदा खरंच उघडून वाचा. ते जेमतेम पावणेदोनशे शब्दांचं आहे, चहा गार व्हायच्या आत वाचून होतं. पहिल्या ओळीत वर्ष आणि मालकाचं नाव. मग एक लांबलचक वाक्य: ज्याच्या हाती याची प्रत येईल त्याला वापर, नक्कल, बदल, दुसऱ्यात मिसळणं, प्रसिद्ध करणं, वाटणं, दुसऱ्याला पुढे परवाना देणं आणि विकणंसुद्धा, सगळ्याची विनामूल्य मुभा. मग एकच अट: वरची कॉपीराइटची ओळ आणि हा परवाना, दोन्ही प्रत्येक प्रतीत किंवा मोठ्या भागात राहिले पाहिजेत. आणि शेवटी मोठ्या अक्षरांत ओरडून सांगितल्यासारखा परिच्छेद: आहे तसं दिलंय, कसलीही हमी नाही, काही बिघडलं तर आम्ही जबाबदार नाही. लोक हा शेवटचा भाग सोडून देतात. लिहिणाऱ्याच्या दृष्टीने सगळ्यात मोलाचा भाग तोच. फुकट दिलेल्या वस्तूमुळे तुमच्यावर नुकसानभरपाईचा दावा येऊ नये, याची तजवीज त्यात आहे.

दोन कलमांचं बीएसडी लायसन्स साधारण हेच म्हणतं. तीन कलमांच्या बीएसडीत आणखी एक गोष्ट असते: आमचं नाव वापरून तुमच्या मालाची शिफारस करू नका. पूर्वी चौथंही कलम होतं. जाहिरातीत श्रेय छापा म्हणणारं ते कलम बीएसडीचं मूळ घर असलेल्या बर्कली विद्यापीठाने १९९९ मध्ये काढून टाकलं.

'काहीही केलं तरी चालेल' हे म्हणायला सोपं आहे, पण त्याचा अर्थ नीट समजून म्हणा. अँड्र्यू टॅनेनबॉम या प्राध्यापकांनी मिनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम लिहिली आणि पुढे ती बीएसडी लायसन्सखाली दिली. २०१७ मध्ये उघड झालं, की इंटेलच्या चिपमधल्या मॅनेजमेंट इंजिन या आतल्या छोट्या संगणकामध्ये तिचंच एक रूप चालतं. म्हणजे असंख्य संगणकांत मिनिक्स होतं आणि खुद्द कर्त्याला पत्ता नव्हता. त्यांनी इंटेलला खुलं पत्र लिहिलं. पत्रात तक्रारीचा सूर नव्हता, पैशांची मागणीही नव्हती. लायसन्सप्रमाणे कळवायची गरज नव्हती हे त्यांनी मान्यच केलं. फक्त, एवढ्या मोठ्या प्रमाणावर वापरता आहात हे कळवलं असतंत तर बरं वाटलं असतं, असं त्यांचं म्हणणं होतं. हे पत्र वाचून 'ठीकच आहे की' असं तुमच्या मनात आलं तर एमआयटी किंवा बीएसडी तुमच्यासाठी आहे. घशात काही अडकल्यासारखं झालं तर थांबा, पुढे वाचा.

याच सैल, म्हणजे कमी अटींच्या, घराण्यातलं तिसरं नाव म्हणजे अपाची २.०, जानेवारी २००४ चं. आकाराने पुष्कळ मोठं, पण त्याने एक महत्त्वाचं भोक बुजवलं: पेटंट. एमआयटीत पेटंट हा शब्दही नाही. अपाचीत मात्र जो कोणी कोड देतो तो त्या कोडला लागू होणाऱ्या आपल्या पेटंटांचा परवानाही देतो, आणि त्याच सॉफ्टवेअरवरून कोणी पेटंटचा दावा ठोकला तर दावा करणाऱ्याचा पेटंट परवाना संपतो. बदललेल्या फाइलींत तशी नोंद करायची आणि मूळ प्रोजेक्टची 'नोटिस' फाइल असली तर ती पुढे न्यायची, या आणखी दोन अटी. घरी बसून लिहिलेल्या छोट्या टूलला हे जड वाटेल. पण कंपन्यांनी वापरावं आणि कंपन्यांनीच कोड द्यावा अशी अपेक्षा असेल, तर मी एमआयटीऐवजी हेच घेईन. पेटंटच्या शब्दरचनेवरून किती गदारोळ होऊ शकतो हे रिअ‍ॅक्ट या वेबसाइटी बनवायच्या फेसबुकच्या लायब्ररीने दाखवलं. फेसबुकने त्याच्या बीएसडी लायसन्ससोबत स्वतःचं वेगळं पेटंट कलम जोडलं होतं. जुलै २०१७ मध्ये अपाची फाउंडेशनने ते आपल्या प्रोजेक्टांत चालणार नाही म्हटलं, लोक रिअ‍ॅक्ट सोडायच्या गोष्टी करू लागले, आणि सप्टेंबरमध्ये फेसबुकने ते एमआयटीखाली आणलं.

घेतलंत, तर पुढे द्याही

आता दुसऱ्या प्रकारचं उत्तर. 'वापरा, विका, पैसे कमवा. पण माझ्या कोडवर चार सुधारणा करून त्याला कुलूप लावलंत आणि लोकांना फक्त बंद डबा दिलात, तर मला राग येईल.' असं वाटणाऱ्यांसाठी जीपीएल आहे.

रिचर्ड स्टॉलमन यांना नेमका हाच राग आला होता. त्यांनी १९८३ मध्ये ग्नू हा मोकळी ऑपरेटिंग सिस्टिम लिहायचा प्रकल्प जाहीर केला, १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन सुरू केलं आणि १९८९ मध्ये जीपीएलची पहिली आवृत्ती आली. दुसरी १९९१ ची, तिसरी २००७ ची. त्यांची युक्ती फार हुशारीची आहे. कॉपीराइट कायद्याचा वापर नेहमी अडवण्यासाठी होतो. यांनी तोच कायदा वापरून म्हटलं, की मी तुम्हाला सगळं स्वातंत्र्य देतो, पण पुढच्यालाही तुम्ही तेवढंच दिलं पाहिजे. यालाच गमतीने कॉपीलेफ्ट म्हणतात.

जीपीएलबद्दल जेवढे गैरसमज आहेत तेवढे दुसऱ्या कुठल्याच लायसन्सबद्दल नसतील, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

पैसे घेता येत नाहीत, हा पहिला. येतात. जीपीएलखालचं सॉफ्टवेअर हव्या त्या किमतीला विका. फक्त विकत घेणाऱ्याला सोर्स कोड (माणसाने लिहिलेला मूळ प्रोग्रॅम) आणि पुढे वाटायचा हक्क मिळतो, त्यामुळे तो ते उद्या फुकट वाटू शकतो.

बदल केला की तो जगजाहीर करावाच लागतो, हा दुसरा. नाही. जीपीएलची ही अट सुरू होते ती तुम्ही सॉफ्टवेअर दुसऱ्याच्या हाती देता तेव्हा. स्वतःच्या संस्थेत बदलून, स्वतःच्याच मशीनवर चालवलंत तर कोणाला काही दाखवायची सक्ती नाही. आणि हाती देताही तेव्हा सोर्स द्यायचा तो ज्यांना प्रोग्रॅम दिला त्यांना. सगळ्या जगाला देण्याची सक्ती नाही.

तिसरा गैरसमज असा, की जीपीएलच्या एडिटरमध्ये लिहिलेला मजकूर किंवा जीपीएलच्या कंपायलरमधून (सोर्स कोडचा यंत्राला चालणारा प्रोग्रॅम करणाऱ्या हत्यारातून) काढलेला प्रोग्रॅमही जीपीएल होतो. होत नाही. हत्यार कोणाचं यावर वस्तूचा मालक ठरत नाही. जीसीसी कंपायलर आपल्या काही लायब्ररींचे तुकडे तयार प्रोग्रॅममध्ये घालतो, आणि त्यासाठी त्या लायब्ररींना वेगळी सवलत लिहून ठेवलेली आहे.

आणि चौथा, 'हे लायसन्स विषाणूसारखं पसरतं.' मला हा शब्दप्रयोग आवडत नाही. जीपीएलचा कोड चुकून तुमच्या बंद प्रोग्रॅममध्ये आला म्हणून तुमचा कोड आपोआप जीपीएल होत नाही. तुमच्या हातून कॉपीराइटचा भंग झालेला असतो, आणि तो मिटवायचे मार्ग तुमच्या हाती असतात: तो भाग काढून टाका, मालकाशी वेगळा सौदा करा, किंवा अटी मान्य करून पूर्ण कोड उघडा. झालेल्या भंगाबद्दल भरपाई मागितली जाऊ शकते, ते वेगळं.

ही अट कामाला कशी येते ते पाहायचं तर लिंकसिसचा डब्ल्यूआरटी५४जी हा राउटर घ्या. त्याच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे आत भरलेल्या सॉफ्टवेअरमध्ये, लिनक्स कर्नल (लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) आहे हे २००३ मध्ये हौशी लोकांच्या लक्षात आलं. लिनक्स जीपीएल २ खाली आहे, मग सोर्स कुठाय? मागणी वाढली, दबाव आला आणि कंपनीने कोड खुला केला. लोकांनी त्यावर काम सुरू केलं आणि त्यातून ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरचं खुलं सॉफ्टवेअर उभं राहिलं, जे आज शेकडो प्रकारच्या राउटरवर चालतं. ते कर्नल बीएसडीखाली असतं तर 'कृपया दाखवा' एवढंच म्हणता आलं असतं.

जीपीएलमध्येही उपनिवड आहे. तुमचा कोड मुख्यतः दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममध्ये जोडली जाणारी लायब्ररी असेल, तर पूर्ण जीपीएलने बंद सॉफ्टवेअर लिहिणारे लोक लांबच राहतील. त्यासाठी एलजीपीएल हे जीपीएलचं सौम्य रूप आहे. एलजीपीएलमध्ये लायब्ररीतले बदल उघडे ठेवावे लागतात, पण ती वापरणारा प्रोग्रॅम बंद राहू शकतो, मात्र वापरणाऱ्याला लायब्ररीची बदललेली प्रत बसवून पाहता आली पाहिजे. २०१२ मध्ये आलेलं मोझिलाचं एमपीएल २.० याहून सुटसुटीत आहे: हिशेब फाइलीचा. माझी फाइल बदललीत तर ती फाइल उघडी ठेवा, शेजारच्या तुमच्या फाइलींचं तुम्ही पाहा. मधला मार्ग हवा असणाऱ्यांना मी सहसा एमपीएल सुचवतो. त्याच्याकडे लोकांचं उगीच दुर्लक्ष होतं.

सर्व्हरवर चालवलं तर?

वर म्हटलं, की जीपीएलची अट सॉफ्टवेअर दुसऱ्याच्या हाती दिल्यावर सुरू होते. १९९१ मध्ये हे पुरेसं होतं. आज बरीच सॉफ्टवेअरं कोणाच्या हाती दिलीच जात नाहीत, ती कुठल्यातरी सर्व्हरवर चालतात आणि आपण ब्राउझरमधून वापरतो. तुमचा जीपीएल कोड घेऊन, त्यात बदल करून कोणी सेवा विकली तर जीपीएलचा एकही शब्द मोडत नाही.

ही फट एजीपीएल या जीपीएलच्याच भावंडाने बुजवली. त्याची तिसरी आवृत्ती नोव्हेंबर २००७ ची. बदललेला प्रोग्रॅम नेटवर्कवरून वापरायला दिलात, तर वापरणाऱ्यांना त्याचा सोर्स मिळायची सोय करा, असं ते म्हणतं. मोठ्या कंपन्या याला बिचकतात. गूगलने तर आपल्या जाहीर नियमांत एजीपीएलचा कोड वापरायला बंदीच घातली आहे. तुम्हाला हे संकट वाटेल किंवा हाच हेतू वाटेल, ते तुम्ही पाच वर्षांनंतरच्या त्या सकाळी काय पाहिलंत यावर आहे. काही जण याच बिचकण्यावर धंदा करतात: एजीपीएल किंवा जीपीएलखाली सगळ्यांना फुकट, आणि ज्याला अटी नकोत त्याने पैसे मोजून वेगळं लायसन्स घ्यावं. मायएसक्यूएल हा डेटाबेस आणि क्यूट हा प्रोग्रॅमच्या खिडक्या-बटणं बनवायचा संच यांनी ही दुहेरी पद्धत रुळवली.

गेल्या काही वर्षांत बऱ्याच कंपन्यांनी यापुढचं पाऊल टाकलं. मोंगोडीबी या डेटाबेसच्या कंपनीने २०१८ मध्ये एसएसपीएल हे स्वतःचं लायसन्स काढलं. इलॅस्टिकसर्च हे शोधयंत्र बनवणाऱ्या इलॅस्टिकने २०२१ मध्ये तोच रस्ता धरला, हॅशिकॉर्पने २०२३ मध्ये टेराफॉर्म हे सर्व्हर उभारायचं टूल बीएसएल या वापरावर बंधनं घालणाऱ्या लायसन्सखाली नेलं आणि मार्च २०२४ मध्ये रेडिस या डेटाबेसनेही बीएसडी सोडलं. क्लाउड कंपन्या आमचं घेऊन आमच्याशीच स्पर्धा करतात, ही सगळ्यांची तक्रार. यातलं एकही नवं लायसन्स ओपन सोर्सच्या व्याख्येत बसत नाही.

पण पुढे काय झालं ते पाहा. बदलाआधीच्या आवृत्त्या जुन्याच लायसन्सखाली होत्या आणि ती दिलेली मुभा परत घेता येत नव्हती. लोकांनी त्या आवृत्त्या उचलून वेगळी चूल मांडली: इलॅस्टिकसर्चवरून ओपनसर्च, टेराफॉर्मवरून ओपनटोफू, रेडिसवरून वाल्की. इलॅस्टिक २०२४ मध्ये आणि रेडिस २०२५ मध्ये एजीपीएलचा पर्याय देऊन पुन्हा ओपन सोर्सकडे वळले. तेव्हा 'आत्ता काहीतरी टाकू, पुढे बदलू' असं म्हणणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं, की नवं लायसन्स नव्या आवृत्तीपासूनच लागू होतं. जे एकदा दिलं ते दिलं.

तुम्ही एकटे मालक आहात का?

बदलायचं म्हटलं तरी तो हक्क कोणाला, हा मुद्दा निवडीइतकाच मोठा आहे आणि कोणी बोलत नाही. तुमच्या प्रोजेक्टमध्ये दुसऱ्याने पन्नास ओळी दिल्या, तर त्या पन्नास ओळींचा मालक तो असतो. सहसा असं धरलं जातं, की ज्या लायसन्सखाली प्रोजेक्ट आहे त्याच लायसन्सखाली त्याने कोड दिला. पण लायसन्स बदलायचं तर, विशेषतः जीपीएलसारख्या लायसन्सवरून सैल लायसन्सवर यायचं तर, प्रत्येकाची संमती लागते. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरच्या मंडळींनी आपल्या इंजिनाचं जीपीएल बदलून एलजीपीएल करायचं ठरवलं तेव्हा वर्षानुवर्षांत कोड दिलेल्या माणसांना शोधून शोधून विचारावं लागलं. लिनक्स कर्नलमध्ये आज कोणी ठरवलं तरी हे शक्य नाही, हजारो मालक आहेत आणि त्यातले काही हयातही नाहीत.

कंपन्या यावर उपाय म्हणून कोड देणाऱ्याकडून सीएलए नावाचा करार आधीच सही करून घेतात. अशा करारात कंपनीला पुढे लायसन्स बदलायची मोकळीक असू शकते. सही करण्याआधी तेवढं तरी वाचा. लिनक्सने २००४ मध्ये हलका मार्ग काढला: प्रत्येक बदलाखाली 'साइन्ड-ऑफ-बाय' अशी ओळ, म्हणजे हा कोड द्यायचा मला हक्क आहे, याची कबुली.

हक्काचा प्रश्न स्वतःलाही विचारा. नोकरीत असाल तर नोकरीचा करार काढून बघा. कामाचा भाग म्हणून लिहिलेल्या कोडवर बहुतेक ठिकाणी मालकी कंपनीची असते, आणि काही करारांत तर रात्री घरी लिहिलेलंही ओढलेलं असतं. जे तुमचं नाही त्याचं लायसन्स तुम्ही देऊ शकत नाही.

तसंच, तुम्ही ज्यांच्या खांद्यावर उभे आहात त्या लायब्ररींचं लायसन्स पाहा. नियम एका दिशेचा आहे: सैल लायसन्सचा कोड कडक लायसन्सच्या प्रोजेक्टमध्ये जाऊ शकतो, उलट नाही. एमआयटीचा कोड जीपीएल प्रोजेक्टमध्ये खुशाल घ्या. जीपीएलची लायब्ररी आत जोडून सगळा प्रोग्रॅम एमआयटी म्हणून वाटता येणार नाही. एक अडचणीची जोडी लक्षात असू द्या: अपाची २.० आणि जीपीएल ३ यांचं जमतं, अपाची २.० आणि निव्वळ जीपीएल २ यांचं जमत नाही.

स्वतःचं लायसन्स लिहू नका, हे तर सांगायलाच नको. क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेची लायसन्सं लेख, चित्रं यांच्यासाठी चांगली आहेत, पण कोडसाठी त्या संस्थेनेच ती वापरू नका म्हटलंय. 'मला काहीच अट नको, पब्लिक डोमेन करतो', म्हणजे हक्कच सोडून देतो, हेही वाटतं तितकं साधं नाही, कारण काही देशांत जिवंत माणसाला आपला कॉपीराइट पूर्ण टाकून देता येतो की नाही हेच धूसर आहे. एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस पब्लिक डोमेनमध्ये आहे. तरीही काही कंपन्यांच्या वकिलांना हातात कागद हवा असतो, म्हणून एसक्यूलाइटचे कर्ते त्यांना चक्क लायसन्स विकतात!

निवड झाली की उरलेलं काम पाच मिनिटांचं. लायसन्सचा पूर्ण मजकूर अधिकृत जागेवरून जसाच्या तसा घ्या, रिपॉझिटरीच्या सगळ्यात वरच्या पातळीवर 'लायसन्स' नावाच्या फाइलीत ठेवा, आणि एमआयटी किंवा बीएसडी असेल तर वर्ष आणि नाव भरा. हसू नका, 'इथे तुमचं नाव लिहा' असा कंस तसाच राहिलेल्या फाइली मी पाहिल्या आहेत. प्रत्येक सोर्स फाइलीच्या डोक्यावर एसपीडीएक्सची एक ओळ टाका. लायसन्सांसाठी ठरवलेली ही छोटी नावं असतात, यंत्रालाही वाचता येतात. जीपीएल घेत असाल तर 'फक्त हीच आवृत्ती' की 'ही किंवा यापुढची' तेही तिथेच ठरतं. लिनक्सने 'फक्त २' ठेवलंय, ग्नूच्या बहुतेक प्रोग्रॅमांनी 'किंवा यापुढची'.

माझ्या तारखांच्या लायब्ररीचं सांगायचं राहिलं. मेल वाचून मी स्वतःला तो प्रश्न विचारला, तेव्हा कळलं की कोणी काहीही केलं तरी माझी झोप उडणार नव्हती. एमआयटी ठरलं. पण मधल्या काळात दोघांनी तिच्यात कोड दिला होता, आणि लायसन्सच नसल्यामुळे तो त्यांनी कोणत्या अटींवर दिला हे कोणालाच सांगता येत नव्हतं. एकाचं दहा मिनिटांत 'हो' आलं. दुसऱ्याला पाठवलेली मेल परत आली, तो पत्ताच बंद झाला होता. त्याच्या चाळीसेक ओळी होत्या, लीप वर्षाचा हिशेब करणाऱ्या. त्या न बघता नव्याने लिहायला मला एक अख्खा शनिवार गेला. रविवारी लायसन्सची फाइल चढवली आणि त्या कंपनीतल्या माणसाला मोठ्या उत्साहाने कळवलं.

त्याचं उत्तर आलं: धन्यवाद, पण आम्ही दरम्यान स्वतःच लिहून घेतली.